पिकअपला पिकअप नाही! रिमॅप केला तर क्लच-गिअरबॉक्स टिकेल का?

धायरीकर_७८

मंडळी नमस्कार, बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे डबल कॅब पिकअप आहे. अडीच लिटर डिझेल, ५ गिअर मॅन्युअल, पार्ट टाइम फोर बाय फोर (लागेल तेव्हाच चारी चाकांना जोर), १ लाख १२ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मग धागा 'तुझी गाडी का माझी गाडी' वर जातो आणि प्रश्न राहतो बाजूला. इंजिन १३४ बीएचपी ताकदीचं आणि ३२० एनएम टॉर्कचं (फिरवण्याचा जोर) आहे. राहायला धायरी, शेत भोरच्या पुढे वरंध घाटाच्या रस्त्याला, दर शनिवारी फेरी ठरलेली. जाताना खताची पोती, ठिबकचे पाइप, कधी कधी पॉवर टिलर, येताना तांदूळ आणि नातेवाइकांनी सांगितलेलं काहीबाही.

मोकळी असताना गाडीबद्दल एक शब्द वाईट नाही. पण मागे ७००-८०० किलो पडले की नवले पुलापासून बोगद्यापर्यंतचा चढ नको वाटतो, तिसरा गिअर सोडवत नाही, मागे ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारत बसलेला आणि शेजारी आमच्या सौ. "याच्यापेक्षा तुमची जुनी जीप बरी होती" म्हणून.

तर एका ट्यूनरकडे जाऊन आलो. तो म्हणतो लॅपटॉप लावून रिमॅप करतो, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधला मॅप (सेटिंग) बदलतो, आणि दोन तासात १७० बीएचपी आणि ४१० एनएम करून देतो, आणि कुठलाही पार्ट बदलायला लागणार नाही, "कंपनीने मार्जिन ठेवलेलंच असतं साहेब". माझा मेव्हणा म्हणतो क्लच बसणार, म्हणजे जाणार. ऑफिसमधला एक म्हणतो क्लच राहू दे, गिअरबॉक्सच फुटणार. तिसरा म्हणतो मागचं हाउसिंग (मागच्या एक्सलचा डिफरन्शियलवाला डबा). तिघांपैकी एकाकडेही पिकअप नाही!

शिवाय टायर बदलायला आलेत, आत्ता २४५/७० आर१६ आहेत, तिथे २६५/७५ टाकायचा विचार आहे (दिसायला भारी दिसतात, खोटं कशाला बोलू). ज्यांनी खरंच केलंय किंवा या कामातलं कळतं त्यांनी सांगा, आधी काय जातं आणि ते न जाता ताकद वाढवता येते का?

सदाशिवपेठी_सायकलवाला

मागचे ८०० किलो कमी करा. फुकट आहे, वॉरंटी जात नाही.

धायरीकर_७८

@सायकलवाला, तुम्ही या एकदा पोती घेऊन सायकलवर, मी मागून हॉर्न मारतो 😄

गिअरवाला_चाकण

१४ वर्षं ट्रान्समिशनमध्ये काढली आहेत, कुठल्या कंपनीत ते विचारू नका. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

तुमचा ट्यूनर मार्जिनबद्दल खोटं बोलत नाहीये, पण ते मार्जिन कुणासाठी ठेवलंय ते सांगत नाहीये. दीडपट माल भरणारा, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारा, पाच वर्षं गिअर ऑइल न बदलणारा, असं सगळं गिऱ्हाईक धरून ते ठेवलेलं असतं. तुम्ही ८०० किलो घेऊन घाट चढता म्हणजे त्यातलं थोडं आधीच वापरताय.

कंपन्या स्वतः काय करतात ते बघा. टोयोटा हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस (जवळपास बीएचपीच) मॅन्युअललाही आणि ऑटोमॅटिकलाही. पण टॉर्क मॅन्युअलला ४२० एनएम आणि ऑटोमॅटिकला ५००. स्कॉर्पिओ-एन डिझेल मॅन्युअल ३७०, ऑटोमॅटिक ४००. इंजिन तेच, ते ५०० देऊ शकतं हे दिसतंच आहे, तरी मॅन्युअलला हात आखडता घेतलाय. ज्या कंपनीने गिअरबॉक्स निवडला तीच असं करते, आणि आपण मात्र ३२० चे ४१० करायला दोन तासात तयार.

आता आधी काय जातं. लोक समजतात ताकद वाढली की पहिल्या गिअरला काहीतरी तुटणार. हिशोब करून बघा (गिअरचे आकडे गोल धरतोय, तुमच्या गाडीचे थोडे इकडेतिकडे असतील). पहिला गिअर ४ (म्हणजे टॉर्क चौपट करतो), मागचं डिफरन्शियल ४, म्हणजे ३२० × ४ × ४ = ५१२० एनएम चाकाकडे निघाले. मोकळ्या पिकअपच्या मागच्या एक्सलवर समजा ८०० किलो आहेत, कोरड्या डांबराचं घर्षण ०.८, चाकाची त्रिज्या ०.३७ मीटर, गुणाकार केला की साधारण २३०० एनएमला टायर घसरतो. त्याच्या पुढे इंजिनात काहीही असलं तरी एक्सलला कळत नाही, टायर धूर काढतो आणि विषय संपतो. मागे माल टाकून तेच वजन १६०० केलं की ही मर्यादा दुप्पट, ४६०० च्या वर. म्हणजे पहिल्या गिअरला हाफ शाफ्टवर (चाकाकडे जाणारा दांडा) आणि क्राऊन-पिनियनवर (हाउसिंगमधले गिअर) जास्तीत जास्त किती यायचं हे तुमचा मॅप ठरवत नाही, तुमची पोती ठरवतात.

मॅपचा खरा मार वरच्या गिअरला बसतो. चौथ्या-पाचव्याला टायर कधीच घसरत नाही, इंजिन देईल ते सगळंच्या सगळं क्लचमधून आणि बॉक्समधून जातं, आणि घाटात ते चार सेकंद नाही, चार-पाच मिनिटं सलग जातं. क्लच प्लेट किती टॉर्क धरणार हे प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण आणि प्लेटचा व्यास यावर आहे, लॅपटॉप लावून त्यातलं काहीच वाढत नाही. उलट लाखभर किमीनंतर ते कमीच झालेलं असतं. म्हणून तुमचा मेव्हणा बरोबर आहे, पहिला नंबर क्लचचा.

ऑफिसवालाही पूर्ण चूक नाही, फक्त बॉक्स 'फुटत' नाही, त्याचं आयुष्य कमी होतं. बेअरिंगचा नियम असा की आयुष्य भाराच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं, रोलर बेअरिंगला त्याहून थोडं जास्तच. भार २५ टक्के वाढला तर १.२५ चा घन म्हणजे १.९५, आयुष्य सरळ निम्मं. गिअरच्या दातांना तर घात याहून मोठा लागतो. पण हे निम्मं फक्त तेवढ्याच किमीचं जेवढे तुम्ही पूर्ण टॉर्कवर चालवता. शहरात अर्ध्या पायावर फिरणाऱ्याला रिमॅप करून काही होत नाही तो याचमुळे, आणि मग तो सगळीकडे छातीठोकपणे लिहितो की माझं ६० हजार किमी काही झालं नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. ट्यूनर ४१० एनएम १८००-२००० आरपीएमला देणार कारण तिथेच सीटला पाठ चिकटते आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्याला सांगा की खाली मला ३५०-३६० च्या वर नको, टॉर्क चढू दे तोही हळूहळू, पण तोच टॉर्क वरपर्यंत टिकव. ३६० एनएम ३४०० आरपीएमला टिकले तर १२८ किलोवॅट, म्हणजे १७२ बीएचपी होतात! १७० चा आकडा मिळाला आणि क्लचवर ९० च्या ऐवजी ४० एनएमच वाढले. टर्बोचा दम तिथपर्यंत पुरतो का ते डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) बघावं लागेल, आणि तुम्हाला गाडी ३००० च्या वर फिरवायची सवय करावी लागेल. डिझेलवाल्यांना ते जिवावर येतं.

तिसरा_गिअर

गिअरवाला साहेबांना +१००. हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

माझीही पिकअपच, नाव नको. 'स्टेज वन' (पहिल्या पायरीचा) रिमॅप करून घेतला, पहिले दोन महिने स्वर्ग. ताम्हिणीत ट्रक असे मागे पडायचे की विचारू नका, मित्रांना मुद्दाम बसवून न्यायचो. तिसऱ्या महिन्यात एकदा पाचव्या गिअरला चढावर पाय दाबला तर आरपीएमचा काटा वर आणि स्पीड आहे तिथेच. मला वाटलं टर्बो काहीतरी करतोय 🤦 आठवड्याने वास यायला लागला, जळक्या नखासारखा, ज्यांनी घेतलाय त्यांना माहितीये.

ट्यूनर म्हणाला क्लच तुमचा जुनाच होता, आम्ही काय करणार. मग मी हट्टाला पेटलो आणि सिरॅमिक (जास्त पकडीची) क्लच प्लेट आणि जड प्रेशर प्लेट टाकली. क्लच सुटायचा (घसरायचा) थांबला हे खरं. पण ट्रॅफिकमध्ये गाडी उचलताना बकऱ्यासारखी उड्या मारायची, कर्वे रोडला संध्याकाळी डावा पाय भरून यायचा. आणि क्लच घसरत नाही म्हटल्यावर सगळा झटका मागे जायला लागला. आधी ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिनाचे झटके शोषणारं जड चाक) स्प्रिंगा गेल्या, न्यूट्रलला बंद करताना डबा वाजवल्यासारखा आवाज. मग प्रोपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागे जाणारा दांडा) सेंटर बेअरिंग. मग तिसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद पाडणारी रिंग), पण तो माझ्या घाईच्या हातामुळे असेल, सगळं रिमॅपवर ढकलत नाही. सगळं धरून लाखाच्या वर गेले, त्यात गाडी दोनदा टोइंग करून आणली ते वेगळं.

शेवटी मॅप परत स्टॉक केला. गाडी आता छान चालते, मी पण हळू चालवतो.

मुळशीची_माती

सिरॅमिकबद्दल तिसरा गिअर दादांनी लिहिलंय ते नीट वाचा. क्लच हा घरातल्या फ्यूजसारखा आहे, तो घसरतो म्हणून पुढचं वाचतं. फ्यूजच्या जागी खिळा लावला की आग लागते कुठेतरी दुसरीकडेच.

पण गिअरवाला साहेबांच्या हिशोबाला माझी एक पुरवणी आहे. तो डांबरावरचा, सावकाश ताकद देण्याचा हिशोब झाला. मी पावसाळ्यात चिखलात गाडी घालते (हौस म्हणून, आणि आमचं फार्म तसंच आहे म्हणूनही) तिथे तुटतं ते झटक्याने. चाक हवेत किंवा चिखलात भरभर फिरतंय, ड्रायव्हरचा पाय तसाच दाबलेला, आणि चाकाला अचानक दगड सापडला की फ्लायव्हील, शाफ्ट सगळं फिरत असलेलं एका क्षणात थांबायला बघतं, त्या क्षणी एक्सलवर जे येतं ते ३२० पण नाही आणि ४१० पण नाही, त्याच्या कितीतरी पट असतं. माझ्यासमोर एकाची पुढची सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाच्या शाफ्टचा सांधा) अशी गेली, गाडी अगदी स्टॉक होती. रिमॅप झाला की पाय दाबल्यावर चाक जास्त जोरात फिरतं, म्हणजे झटका अजून मोठा. लो रेंज (फोर बाय फोरची हळू पण जास्त जोराची) टाका, पहिला-दुसरा गिअर, पाय हलका, क्लच अर्धवट दाबून उभं राहायचं नाही. चढावर टिलर घेऊन शेतात वळता ना धायरीकर दादा, तिथे लो रेंजच वापरा, क्लच दुप्पट टिकेल.

आणि दुसरं, फोर हाय (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) टाकून कोरड्या डांबरावर घाट चढू नका, "माल आहे म्हणून चारी चाकं" असं बरेच जण करतात. पार्ट टाइमवाल्यात मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या फिरण्यातला फरक सांभाळणारा भाग) नसतं, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि मागची कमी, तो फरक जायला जागा नाही, सगळा पीळ ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा डबा) आणि शाफ्टमध्ये बसतो.

टायरचं: २४५/७० चा व्यास साधारण ७४९ मिमी, २६५/७५ चा ८०४. म्हणजे ७ टक्के मोठं चाक, म्हणजे प्रत्येक गिअर ७ टक्क्यांनी लांब झाला. चढावर ताकद कमी पडते म्हणून रिमॅप करायचा आणि त्यातली ७ टक्के टायरला द्यायची, असा उलटा व्यवहार होतोय दादा.

धायरीकर_७८

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. टायरचं डोक्यातच आलं नव्हतं. ताई, फोर हाय टाकून घाट चढणारे ते बरेच जण म्हणजे मीच 🙈 वळताना गाडी अडखळल्यासारखी व्हायची, मला वाटायचं ग्रिप आहे.

मग आता मॅपच्या आधी काय तपासून घेऊ?

नाना_पेठी_पाना

अहो दादा मी सांगतो, माझं गॅरेज आहे आणि निम्मा जन्म नाना पेठेत पार्ट आणण्यात गेलाय. मला हिशोब येत नाही पण गाडी खाली झोपून बघता येते.

पहिलं क्लच. चढ बघा, चौथा टाका, ४०-५० चा स्पीड, आरपीएम १५०० च्या जवळ, आणि एकदम पूर्ण पाय द्या. काटा आणि स्पीड बरोबरीने चढले तर ठीक, काटा पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच संपत आलाय, मॅपचा विषयच काढू नका. मागे माल घेऊन करा, मोकळ्या गाडीत कळत नाही. फार वेळा पण करू नका, दोनदा बास.

मग गाडी सपाटीवर उभी करा, चाकाला चारही बाजूंनी दगड लावा, न्यूट्रलला टाका आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने फिरवून बघा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) खटखट लागली तर क्रॉस बदला, स्वस्त काम आहे, पण तोच तुटून शाफ्ट खाली पडला तर रस्त्यात काय होईल सांगायला नको. टेल पिनियनला (हाउसिंगच्या तोंडाशी, शाफ्टला जोडलेला गिअर) थोडी ढिलाई असतेच, पण फ्लँज हाताने वर-खाली हलला तर बेअरिंग गेलंय. वर्षानुवर्षं हाउसिंगकडे कुणी बघत नाही, जोपर्यंत ते गात नाही. ६० ला आवाज येतो, पाय सोडला की जातो, ते क्राऊन-पिनियनचं गाणं.

तेल. बॉक्सचं आणि हाउसिंगचं एकच टाकून मोकळे होतात लोक. हाउसिंगला जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लागतं कारण त्यातले दात एकमेकांवर घासत फिरतात. गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च टाका, जास्त भारी म्हणून ५ टाकलं तर पितळी सिंक्रो रिंगा खातं ते. आणि तुम्ही भोरच्या पुढे म्हणजे पावसात ओढ्यातून जात असणार. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आत ओढतं, ब्रीदरचा (हवा जायचा-यायचा) पाइप तुंबला असेल तर ऑइल सीलमधून पाणी घेतं. बोल्ट खोलून तेल बघा, चहाच्या रंगाचं, दुधाळ झालं असेल तर लगेच बदला. मी तर म्हणतो रिमॅपने जेवढे बॉक्स गेले त्याच्यापेक्षा दुधाळ तेलाने जास्त गेले असतील, माझ्या गॅरेजमध्ये तरी.

पाटे (लीफ स्प्रिंगा) पण बघा. मागचे पाटे बसलेले असतील तर जोर दिला की हाउसिंग पिळतं, पिनियनचं तोंड वर होतं, क्रॉसचा कोन बिघडतो, मग उचलताना थरथर येते आणि लोक क्लच बदलत बसतात. ताकद वाढवली की हे पिळणं पण वाढतं.

आणि एक फुकटची गोष्ट, माल असताना पाचव्याला ओढू नका. असल्या बहुतेक ५ गिअरच्या बॉक्सात चौथा डायरेक्ट असतो, पुढचा शाफ्ट मागच्याला सरळ जोडला जातो, दातांवर जोर नाही. पाचवा टाकला की सगळा जोर परत खालच्या शाफ्टवरून फिरून येतो. पाचवा सपाटीचा, माल ओढायचा नाही.

गिअरवाला_चाकण

@पाना, हिशोब येत नाही म्हणता आणि चौथ्या गिअरचं जे सांगितलंत ते आमच्याकडच्या नव्या पोरांना मुलाखतीत येत नाही.

कोथरूड_कायदेकानू

मधेच बोलतो, राग मानू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही असा आहे. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्यावरच उलटू शकतो. बाकी क्लच-बिच मला कळत नाही.

सदाशिवपेठी_सायकलवाला

म्हणजे फिरून फिरून ८०० किलो कमी करा इथेच आलो.

धायरीकर_७८

अपडेट. काल भोरला जाताना पोती होती ७००-७५० किलो, नवले पुलाच्या पुढच्या चढावर पानाभाऊंनी सांगितलं तसं केलं. चौथा, ४५ चा स्पीड, पूर्ण पाय. काटा १५०० वरून २१०० ला गेला, आणि स्पीड पंचेचाळीसच! दुसऱ्यांदा केलं, परत तेच. म्हणजे रिमॅप न करताच क्लच सुटतोय, आणि मी सहा महिने इंजिनाला शिव्या घालतोय की ओढत नाही म्हणून. सौ. शेजारीच होत्या, त्यांना वास आधीच येत होता म्हणे, "मला वाटलं खताचा आहे".

शेतावर पोचल्यावर खाली झोपलो. मागचा क्रॉस खटखट करतोय. हाउसिंगचं तेल बघायला बोल्ट खोलायला गेलो तो निघाला नाही, पान्याचीच कड गोल झाली.

टायर २४५ च घेतोय. मॅपचं नवा क्लच टाकून झाल्यावर बघू, आणि केलाच तर तो ३६० वाला. येताना मोकळी आणली, चौथ्यावर, एकदम म्हाताऱ्यासारखी. पानाभाऊ, गाडी कधी आणू?

नाना_पेठी_पाना

सोमवारी सकाळी या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलू, नुसती प्लेट टाकून परत बॉक्स उतरवायची मजुरी देऊ नका. फ्लायव्हीलला निळे डाग पडले असतील तर तेही लेथवर साफ करून घेऊ. आणि तो बोल्ट तसाच ठेवा, हातोडी-छिन्नी लावू नका त्याला, मी काढतो.